डायलिसिसच्या खोलीचं गाऱ्हाणं

एका सोमवारी आमच्या बाबांनी जाहीर केलं की आता डायलिसिस पुरे. चार-चार तास सुया टोचून घेण्यापेक्षा पोटभर बांगडे खाऊन मरेन, म्हणाले. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. माझं डोकंच फिरलं. थांबवलं तर फार दिवस निघणार नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितलं होतं. शेवटी, गुरुवारी दवाखान्यात सभा आहे तेवढ्यापुरते चला, म्हणून कसंबसं त्यांना एसटीत चढवलं.

सभा डायलिसिसच्या नव्या खोलीसाठी होती. डॉक्टर घाटावरचे, तरुण, हौशी. खोली कशी हवी ते पेशंटनी आणि घरच्यांनी सांगावं, तशीच करू, असं त्यांच्या मनात. पण अख्खा रस्ता दवाखान्याचा उद्धार करत आलेली माणसं डॉक्टर दिसताच शुद्ध मराठीत शिरली. एसीत आपण बर्फातल्या सुरमईसारखे पडतो म्हणणारे मास्तर उठून म्हणाले, हवा उत्तम आहे. संडासाच्या कडीवरून दर खेपेला भांडणाऱ्या बाई पदर सारखा करत बसल्या. मी तरी कुठे बोलले? भल्या माणसाला तोंडावर कसं बोलायचं, ही आमची जुनी खोड. डॉक्टर बिचारे कोरा कागद घेऊन बसून राहिले.

सगळं छानच आहे तर कामाला लागू, म्हणून त्यांनी नारळ काढला आणि वयाने मोठे म्हणून बाबांना फोडायला दिला. त्यांना काय ठाऊक, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नारळ फुटत नाही! आणि बाबांचा जन्म गावच्या देवळात गाऱ्हाणी घालण्यात गेलेला. बाबांनी नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, हय माणसा एसीत गारठतत, तेंका चादरी दे."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. मास्तरांचा आवाज सगळ्यात मोठा.

मग संडासाची कडी झाली, डायलिसिस संपायच्या आधी सुटणारी एसटी झाली. देवाला सांगायला कसली भीड? बाई मागून एकेक आठवण करून देत होत्या आणि डॉक्टर भराभर लिहीत होते. मला हसू आवरेना. तेवढ्यात बाबांचा आवाज खाली आला.

"आणि म्हाराजा, माझा चेडू चार तास भायर जिन्यार बसता. उठताना गुडघे धरता. दाराच्या काचेतसून माका ता बघवत नाय. तेका एक खुर्ची दे, नायतर माका तरी उचल."

सगळ्यांची तोंडं 'व्हय'साठी उघडली आणि तशीच राहिली. असल्या गाऱ्हाण्याला हो कोण म्हणणार? चेडू म्हणजे त्यांची लेक, मीच. मला रडू आलं आणि रागही तितकाच आला. ह्या कारणासाठी मरायला निघाला होता हा माणूस!

"खुर्चेक व्हय म्हाराजा," मी म्हटलं. "दुसऱ्याक नाय."

नारळ फुटला.

खोली होईपर्यंत बाबा देवाला मुदत देऊन जुन्याच खाटेवर सुया टोचून घेत राहिले. नव्या खोलीत प्रत्येक खाटेशेजारी एक खुर्ची आहे, पाठ टेकता येईल अशी. पहिल्या दिवशी सिस्टर सुई घेऊन उभी आणि आमचे बाबा खाटेवर जायचं सोडून खुर्चीत बसलेले. मागे रेलून बघितलं, खुर्चीचे हात दाबून बघितले, मग उठले.

"बस गो," म्हणाले. मी बसल्यावर खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी सिस्टरपुढे हात केला.