कुमुदताईंची लहर

डॉ. कुमुदताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना चांगलंच फटकारलं होतं. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भंडाऱ्याच्या एका रुग्णालयात मी तंत्रज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. वरठीहून सायकल हाणत पोहोचले, तर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या खोलीत एक बाई मोरीशी बसून एका पेशंटचे केस धूत होत्या. खोलीभर पाणी! "आयाबाई, हे काय चालवलंय?" त्या हसून म्हणाल्या, "तेल आहे गं, डोक्याला यंत्राच्या तारा चिकटायच्या नाहीत." या आमच्या विभागप्रमुख!

शहरात जायचं म्हणून घरची माणसं पेशंटचं डोकं तेलाने थबथबवून पाठवत. मी वैतागले, की ताई म्हणत, "कुणाची तरी माया धुतो आहोत. जरा हळू."

कधी उन्मादात, कधी खोल उदासीत जाणाऱ्या माणसांच्या मेंदूत आवाज ऐकल्यावर कशी विद्युतलहर उठते, हा ताईंच्या अभ्यासाचा विषय. कानात शेकडो वेळा टकटक ऐकवायची. मग यंत्र सरासरी काढून एकच लहर कागदावर उमटवी. अशा आजारात ती बरेचदा जरा लहान येते, असं दिसत होतं.

नाकाडोंगरीची यशोदा गोळ्यांनी छान सावरत होती. तिचा नवरा सदाशिव तिला न्यायला आला. मी नवशिकी, ज्ञान उतू चाललेलं, व्हरांड्यातच त्याला सांगून बसले, "लहर लहान आली हो तिची."

तो तडक ताईंसमोर उभा राहिला. "मशीनीनंच सांगतलं का इचं डोकं बिघडलं हाये. मंग मी इले कायले नेऊ? राहू द्या इथंच." यशोदा पिशवी छातीशी धरून उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी दोन कागद काढले, नावं दुमडून टेबलावर ठेवले. "यातला यशोदाचा कोणता, ओळखा." सदाशिवने बराच वेळ निरखून लहान लहरीवर बोट ठेवलं. ताईंनी घडी उघडली. नाव त्यांचंच होतं. यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याला तारा लावून घेतल्या होत्या.

"मग मलाही इथंच ठेवता का?" ताई म्हणाल्या. "पुष्कळ जणांच्या लहरी एकत्र पाहिल्या तर थोडंफार कळतं. एकट्या माणसाचा निवाडा हा कागद करत नाही. ती बरी होतेय, हे तुम्हाला दिसतं ना?"

"दिसते बाई." त्याने यशोदाच्या हातातली पिशवी घेतली. "चाल वं, बस निंघून जाईन."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. ताईंनी तो वाचून बाजूला ठेवला. "बाहेर नातेवाईक बसलेत. त्यांना तूच समजावून सांग. आता तुझ्याइतकं जपून कुणी सांगणार नाही."

ताई, साठी झाली म्हणून विश्रांती घ्या, असं मी म्हणणार नाही. तुम्ही ऐकायच्या नाहीत. प्रकृती ठणठणीत राहो, पुष्कळ वर्षं आमच्यात राहा. माझी चूक झाली की आजही मी सगळ्यांत आधी तुमच्याच दारात येते. ते दार मला अजून खूप वर्षं हवं आहे.