पिठावरचं पाऊल
गिरणीतून आलेल्या गरम पिठाचा वास आला की मला पारोळ्याजवळच्या आमच्या घरातली, वडिलांच्या दहाव्याची सकाळ आठवते. गेलेला माणूस येऊन पाऊल उमटवतो म्हणून आईने आदल्या संध्याकाळी परातीत पीठ पसरून वर टोपली झाकली होती. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दक्षिण ध्रुवाकडे बर्फाच्या कडेला उगवणारं शेवाळ कसं जपावं, यावर मी पीएच.डी. करत होतो. तिथून परतल्यावर वडिलांना सांगितलं होतं, त्या शेवाळावर पडलेलं पाऊल कित्येक वर्षं बुजत नाही. दुसऱ्याच्या शेतातूनही रोप चुकवत चालणाऱ्या वडिलांनी लगेच विचारलं, "मंग तू कसा चालना तठे?" "दगडांवरून," मी म्हणालो. एकदा घाईत शेवाळ तुडवून गेलो होतो, ते सांगितलं नाही. त्या सकाळी सगळी भावकी वाकून बघत असताना आईने टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. काकू रडायला लागली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "त्यास्नी कोनाच रोपवर कधी पाय दिधा नही, पीठवर काय देतीन?" मी मान खाली घातली. आज माझेही केस पिकलेत, आणि माझं पाऊल अजून त्या शेवाळावर असेल.