नाव बाळ, वय अडुसष्ट

कर्वेनगरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत नम्रता वानखडे राहायला आली, तेव्हा माझ्या सगळ्या अटी तिने मान डोलावून ऐकल्या आणि एकही पाळली नाही. वाशीमची मुलगी, कॉम्प्युटरचं शिकलेली. तिच्या मैत्रिणी हिंजवडीत एसीत बसून अमेरिकेची कामं करायच्या. ही मात्र एका छोट्या कंपनीतर्फे इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये वायरी जोडत फिरायची.

"म्हणजे वायरमन?" मी विचारलं.

"नाही हो काकू. तिथली यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्यांना बोलायला लावते."

"मग आधी आमच्या सोसायटीपासून सुरुवात कर," आमचे हे पेपरामागून म्हणाले.

नोंदणीच्या खिडकीवर नाव टाइप केलं की ते थिएटरमधल्या मॉनिटरवर आपोआप उमटायचं, आणि तिथले ठोके, रक्तदाब परत कॉम्प्युटरमध्ये जायचे. जेवताना ती यावर इतकं बोलायची की आमटी गार व्हायची. एकदा तर फुशारक्याच मारत होती. तान्ह्या मुलांचं बारसं झालेलं नसतं, म्हणून खिडकीवर नावाच्या जागी 'बाळ' लिहितात. तो शब्द दिसला की मॉनिटरने तान्ह्या मुलाची मापं धरायची, अशी सोय तिने केली होती. मला हसू आलं, पण कारण सांगायची सोय नव्हती.

कारण आमच्या ह्यांचं नावच ते. बारशाला ठेवलेलं, कागदोपत्री, सगळीकडे तेच. दारावर पाटी 'बा. वि. खांबेटे'. नम्रतासाठी ते काका. आणि मी? लग्नात घास भरवताना एकदा नाव घेतलं, ते तेवढंच. सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, तरी जीभ वळेना.

ह्यांचं हर्नियाचं दुखणं जुनं. चाकू लावून घेणार नाही म्हणून अडून बसले होते. शेवटी तयार झाले ते एकाच कारणाने. "आपली नम्रता आहे तिथे." खिडकीवर नाव मीच लिहून दिलं, लिहायला आपली काही हरकत नसते.

ह्यांना आत नेलं आणि थोड्याच वेळात आतून यंत्राचा किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला. थांबेचना. नर्सबाई धावल्या, पाठोपाठ नम्रता धावली.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. "काकू, काकांना काही झालेलं नाही. ठोके व्यवस्थित आहेत. पण मॉनिटरवर कुठल्यातरी तान्ह्या मुलाची नोंद आली, आणि तान्ह्या मुलाच्या मानाने काकांचे ठोके फार कमी, म्हणून ते ओरडतंय. माह्या जोडणीत काहीतरी बिघडलं. पेशंट कोण ते नक्की ठरेपर्यंत डॉक्टर हात लावणार नाहीत म्हणतात."

"मग ह्यांनाच विचारा की नाव."

"विचारलं. ते म्हणतात, 'बाळ'. डॉक्टरांना वाटलं, इंजेक्शन डोक्यात चढलं." तिला रडू फुटलं. "ऑपरेशन रद्द करायला निघालेत हो. घरच्या माणसाने नाव सांगायला पाहिजे. तुम्हीच सांगा."

ऑपरेशन आज रद्द झालं असतं, तर हे जन्मात पुन्हा त्या टेबलावर चढले नसते. तिने मला दाराशी नेलं. मास्क लावलेले डॉक्टर, नर्सबाई, मागे स्ट्रेचरवर हिरवी टोपी घातलेले हे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बाळ," मी म्हटलं. मग जरा मोठ्याने, "ह्यांचं नाव बाळ. बाळ विनायक खांबेटे."

नम्रता बघतच राहिली. "अय्या! मग तुम्ही काऊन नाही सांगितलं इतके दिवस?" आणि कपाळाला हात लावून कॉम्प्युटरकडे पळाली. नावाआधी वय बघायचं, एवढंच त्या शहाण्या यंत्राला शिकवायचं राहिलं होतं. आवाज थांबला, डॉक्टर हसले, आणि त्या पोरीबद्दल मला इतकी माया दाटून आली की तिचं थकलेलं विजेचं बिल मी मनातल्या मनात माफ केलं.

स्ट्रेचर आत वळत होतं. ह्यांनी मान उचलली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण इतका खूष चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"नीट ऐकू नाही आलं," हे म्हणाले. "परत एकदा घे."

"ऑपरेशन पोटाचं आहे, कानाचं नाही," मी म्हटलं. आणि दार बंद व्हायच्या आत परत एकदा घेतलं.