स्तूपावरची हजेरी

टोकरखाड्याच्या शाळेत शिक्षक होतो तेव्हा दर हिवाळ्यात मी सातवीची मुलं संग्रहालयात न्यायचो. तिथे जुन्या बौद्ध राज्यांच्या दालनात सुरंगी गावचा एक पहारेकरी असे. बोलणं जेमतेम. काहीही विचारलं की आधी मान हलवायचा, मग "असंल" म्हणायचा. दालनात येताना मात्र चपला दाराबाहेर काढायचा. तसा नियम नव्हता. मला त्याची गंमत वाटायची.

एका वर्षी मी राजे, त्यांची दानं, लेणी, सगळं घडाघडा सांगितलं. मग हजेरी घ्यायला वही समोरच्या दगडी स्तूपावर टेकवली. वरून तुटलेला, कमरेएवढा. उंची अगदी टेबलाची. पहारेकरी आला, वही उचलली आणि दोन्ही तळहातांवर धरून माझ्यापुढे उभा राहिला.

"गुरुजी, चोपडी मी धरतो. तुम्ही लिवा."

चाळीस नावं होईपर्यंत तो हलला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याची नजर चुकवायला मी खाली पाहिलं. त्याचं बघून पोरांनी चपला केव्हाच बाहेर काढल्या होत्या. बूट फक्त माझ्या पायांत होते.