रविवारपर्यंतच्या हिरव्या खुणा

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

माझी धाकटी लेक सुजाता इथं पूर्णेत घरीच ऑनलाइन क्लास करते. मेडिकलच्या परीक्षेची ही तिची दुसरी खेप. दर रविवारी ती आठवड्याचा तक्ता आखून भिंतीला लावते आणि धडा झाला की त्यापुढे हिरवी खूण करते. त्या तक्त्याचा फोटो मी या ग्रुपवर कौतुकानं टाकला होता. रोज ड्यूटीला निघताना मी खुणा बघायचो आणि निर्धास्त जायचो.

आज सकाळची बुद्धवंदना आटोपून तिच्या खोलीत गेलो. क्लास चालू होता, पण आवाज बंद. तक्त्यावर रविवारपर्यंतच्या सगळ्या खुणा झालेल्या. आज मंगळवार आहे.

"का गं माय, उद्याचा अभ्यास आजच झाला?"

"तुमी खुणाच बघता ना पप्पा. म्हणून करून ठेवल्या."

"अन् कळायलंय का काही?"

"दिवाळीपासून काहीच कळंना झालंय."

ना राग, ना रडणं. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं बोलली.

"मग पुढच्या आठवड्याचं काय?"

"पुढचा आठवडा कशाला पायजे?"

मी रजा टाकली. दुपारी तिला डॉक्टरांकडे नेतोय. आत्ता ती तुरीच्या शेंगा सोलतेय आणि मी समोर बसलोय, उठायची हिंमत होत नाही. तिच्याशी बोलायचंय, पण अभ्यास सोडून लेकीशी काय बोलायचं हेच मला सुचत नाही.

तुम्ही कुठून सुरुवात केली असती?