कशेळीची मावशी आणि लाल कल्ला

स्वतःच्याच मालाला भर गल्लीत नावं ठेवणारी विक्रेती जगात एकच झाली असेल, आणि ती नेमकी आमच्या नशिबी आली. ऐंशीच्या दशकात भिवंडीतल्या आमच्या घरामागे दिवसभर लूमची खडखड चालायची. तिच्यावर मात करणारा गळा एकच, खाडीकाठच्या कशेळी गावाहून येणाऱ्या मावशीचा. नवरा खाडीत जाळं टाकायचा आणि ही मासळीची पाटी घेऊन आमच्या दारातल्या ओट्याशी येऊन बसायची. तिची वेळ भरती-ओहोटी ठरवायची. वालाची उसळ जेवून हात धुताना तिची हाक आली की वडील आईकडे असे बघत, जणू भरती आईमुळेच लांबली.

पाटीवरचं ओलं गोणपाट काढण्याआधी ती उलटतपासणी घ्यायची. काय करणार, खाणारे किती, घरात चिंच आहे का. शेजारच्या लूमवरच्या मुकादमाने एकदा बोय माशात बटाटा घालणार असं कबूल केलं, तर ‘तेरे को नहीं देगी, तू अंडा खा,’ म्हणून तिने त्याला सरळ वाटेला लावलं. विकायला लावलेल्या वाट्यातला एखादा मासा स्वतःच उचलून ‘ह्यो मांजराला घाल, बाय,’ म्हणायची. बर्फातली मासळी तिच्या लेखी मढं होती. आईही कमी नव्हती. मासा ताजा आहे का बघायला दर वेळी ‘कल्ला दाखव’ म्हणायचीच. मग मावशी भडकायची, ‘माज्यावर इस्वास न्हाय?’ आणि कल्ला उघडून त्याचा लालभडक रंग आईच्या नाकाशी धरायची. हे भांडण झाल्याशिवाय आमच्याकडे कालवण शिजत नसे.

नव्वदच्या दशकात खाडीच बिघडली. पाण्यावर तेलाचा तवंग, माशांना रॉकेलसारखा वास. मावशी प्रत्येक मासा हुंगायची आणि निम्मी पाटी गटारात ओतायची. ‘तो पकरतो, मी टाकते,’ नवऱ्याबद्दल म्हणायची, आणि हसायची नाही. शेवटी नवऱ्याने होडी काठावर पालथी घातली. मग एके दिवशी ती बाजारातून घेतलेली बर्फाची मासळी घेऊन आली. तिचा चेहरा मला बघवेना. गिऱ्हाईक वाकलं की आपणच सांगायची, ‘बर्फातला हाय. कवाचा हाय ते मना ठाव न्हाय.’ गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुसऱ्या बाईकडून तीच मासळी घेऊन जायचं. ती बाई गप्प बसायची, एवढाच फरक. असे किती तरी दिवस गेले. मावशी भरलेली पाटी परत नेत राहिली, आणि तिचं घर त्या पाटीवर चालायचं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

एका दुपारी आई तिच्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, ‘वाटा लाव, मावशी.’

मावशीने एक मासा पुढे केला. ‘कल्ला बगून घे, बाय.’

‘राहू दे. तू आणलंयस ना.’

मावशीने मासे आईच्या भांड्यात टाकले. त्या दिवशी आईने कालवणात चिंच सढळ हाताने घातली आणि आम्ही खाली मान घालून जेवलो.

त्यानंतर ती आली नाही. कशेळीच्या लोकांकडे चौकशी केली, कुणी धड सांगितलं नाही. आई पुढे बरीच वर्षं बाजारातून मासळी घेऊन आली की ओट्यावर थोडा वेळ बसून राहायची. एकदा म्हणाली, ‘मी कल्ला बघायला हवा होता रे. बघितला असता तर ती भांडली असती. भांडली असती तर दुसऱ्या दिवशी आली असती.’