चाचणीला नवे चेंडू

तिचा सलग चौथा चेंडू बेसलाइनच्या पार जाऊन मागच्या जाळीवर आदळला आणि मी मनातल्या मनात तिचं नाव खोडलं.

लोणावळ्याच्या एका टेनिस अकॅडमीत निवड चाचणी चालू होती. मावळातल्या बारा वर्षांखालच्या एका मुलाला किंवा मुलीला राहण्या-खाण्यासकट मोफत शिक्षण, अशी ती जागा होती. जागा एकच, मुलं एकोणीस. त्यांची लेव्हल ठरवायची जबाबदारी माझी. लेव्हल म्हणजे एक ते पाच आकडा. चेंडू कोर्टात ठेवता येतो का, हवा तिथे टाकता येतो का, पाय वेळेवर पोहोचतात का, हे बघून तो द्यायचा. तीस वर्षं हेच केलं. माझी एक शिस्त होती आणि तिचा मला गर्व होता. कोणाचा फोन घ्यायचा नाही, कोणाचा मुलगा ते विचारायचं नाही आणि दर चार मुलांमागे चेंडूंचा नवा डबा फोडायचा. सगळ्यांना सारखे चेंडू, सगळ्यांना सारखा न्याय.

ही मुलगी भाजे गावची. सायली. अकरा वर्षांची, काटकुळी, पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट. आई मळवलीजवळच्या एका रिसॉर्टवर हाउसकीपिंगला. सायली प्रत्येक चेंडूपर्यंत पोहोचत होती, पण चेंडू नडगीपर्यंत खाली येईस्तोवर थांबायची आणि मग खालून वर असा फटका मारायची, की तो थेट बाहेर. शीटवर मी लिहिलं, "अंगात जोर आहे, ताबा नाही. पाया कच्चा. लेव्हल दोन." खाली सही केली.

जाताना ती माझ्यापाशी आली.

"मॅडम, ह्ये चेंडू जुनं झालं की तुमी कुटं टाकता?"

"का गं?"

"लय उडत्यात ह्ये. आमच्याकडचं न्हाई उडत आसं."

मी हसले. दोन चेंडू तिच्या हातात ठेवले आणि पुढच्या मुलाला हाक मारली. तिनं मला उत्तर हातात आणून दिलं होतं. मला वाटलं, पोर चेंडू मागायला आली आहे.

जागा तळेगावच्या एका मुलाला मिळाली. फटके देखणे, दोन वर्षं खासगी कोच. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तीन आठवड्यांनी मळवलीच्या त्याच रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. कोर्टला भेगा पडल्या आहेत, एकदा बघून जा म्हणाले. गेले. कोर्टच्या मागे पंप हाउस आहे. त्याच्या भिंतीवर कोणीतरी विटकरीनं नेटच्या उंचीची रेघ ओढली होती. रेघेच्या वर वीतभर पट्ट्यात चेंडूंचे शेकडो डाग. रेघेखाली जेमतेम पाच-सहा.

"हे कोणी केलं?"

"आमच्या हाउसकीपिंगच्या ताईंची मुलगी," मॅनेजर म्हणाले. "बंद केलं आता. तुमच्याकडे नापास झाली ना? म्हटलं, मग उगाच भिंत कशाला खराब करायची. पुढे जाणार असती तर गोष्ट वेगळी होती."

माझा आकडा माझ्याआधी इथे पोहोचला होता.

भिंतीपाशी क्रेटमध्ये पाहुण्यांनी टाकून दिलेले चेंडू होते. एक उचलून दाबला. बोट आत गेलं. टेनिसच्या चेंडूत हवा दाबून भरलेली असते. ती हळूहळू निघून जाते आणि चेंडू मरतो. आम्ही त्याला मेलेला चेंडूच म्हणतो. नवा चेंडू खांद्यावरून सोडला तर कंबरेपर्यंत उसळतो. हा माझ्या घोट्याच्या जरा वर आला आणि बसला. असा चेंडू पलीकडे न्यायचा तर नडगीपर्यंत वाकावं लागतं आणि सगळा जोर स्वतःच्या हातानं द्यावा लागतो. चाचणीत तिनं नेमकं तेच केलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत. मी त्याला कच्चा पाया म्हटलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

मॅनेजरना सांगून सायलीला बोलावलं. कोर्टच्या पलीकडच्या कोपऱ्यात टॉवेल टाकला आणि तिला मेलेले दहा चेंडू दिले. सहा टॉवेलवर, तीन वीतभर बाजूला, एक नेटमध्ये. मग मी मारून बघितले. माझे निम्मे नेटमध्ये गेले. नंतर गाडीतला नवा डबा फोडला. पहिले सात-आठ चेंडू बाहेर गेले. ती थांबली, एक पाऊल पुढे सरकली, चेंडू वर असतानाच घ्यायला लागली. मी एक शब्द बोलले नव्हते. अर्ध्या तासात नवे चेंडूही टॉवेलच्या आसपास पडायला लागले. इतक्या वर्षांत हे असं स्वतःहून जुळवून घेणारी मुलं मी दोनच पाहिली होती. ही तिसरी.

दुसऱ्या दिवशी अकॅडमीच्या डायरेक्टरांसमोर बसले. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलण्यात अत्यंत सभ्य.

"यादी स्पॉन्सरकडे गेली, मॅडम. फोटोही झाले."

"चूक माझी आहे. मी तसं लिहून देते."

"लिहून द्या. पण मग बाकीच्या अठरा शीट्सचं काय करायचं? त्याही चुकल्या समजायच्या?"

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

"पुढच्या वर्षी आणा ना तिला."

"पुढच्या वर्षी तिला बारा पूर्ण होतात."

"मग नियम आहे," ते म्हणाले आणि माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. "शिवाय हे वाचा. पाया कच्चा. तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं लिहिलंय. आम्ही काय बोलणार?"

वयाची अटही मीच घालायला लावली होती. लोक वय चोरतात म्हणून.

त्यानंतर रिसॉर्टवर जाऊन मी सायलीच्या आईला भेटले. म्हटलं, दर रविवारी माझ्याकडे पाठवा, फी नको, रॅकेट मी देते. त्या हातातल्या चादरीची घडी घालत राहिल्या.

"रविवारी तर हितं पावन्यांची गर्दी आसती, मॅडम. तिला तिकडं सोडायला कोन येनार? आन आता न्हाई म्हनती ती."

"का?"

"शाळेत कबड्डीत घेतलंय तिला. तितं चेंडूच लागत न्हाई."

"ताई, चूक माझी होती. ती फार चांगली खेळते हो."

"आसल की. पन तवा तुमीच न्हाई म्हनला व्हता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तळेगावचा मुलगा दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. घरची आठवण येत होती म्हणे. ती जागा वर्षभर रिकामी राहिली. मी पुन्हा एकदा विचारून पाहिलं. वर्षाच्या मध्ये प्रवेश देत नाहीत, असं उत्तर आलं.

चाचण्या मी अजून घेते. नवा डबा फोडते आणि शेजारी जुन्या चेंडूंची बादलीही ठेवते. भांडून शीटवर एक रकाना वाढवून घेतला, "घरी कोणत्या चेंडूने खेळता?" बहुतेक पालक तिथे कंपनीचं नाव लिहितात. भाजेहून त्यानंतर कोणीही आलेलं नाही.